लताबाई ८४व्या क्रमांकावर: गायकांची जागतिक क्रमवारी नेमके काय मोजते?

अंतरा_सांगली (प्रश्न)

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने १ जानेवारी २०२३ रोजी सर्वकालीन श्रेष्ठ २०० गायकांची यादी प्रसिद्ध केली. तीत अरीथा फ्रँकलिन पहिली, व्हिटनी ह्यूस्टन दुसरी, सॅम कुक तिसरा, इजिप्तची उम्म कुलसूम ६१वी, लता मंगेशकर ८४व्या आणि नुसरत फतेह अली खान ९१वे आहेत. लताबाईंना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी अभिमानाने छापली आणि समाजमाध्यमांवर अनेकांनी त्याच आकड्याचा निषेध केला. मला दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटल्या.

अलीकडे कार्यालयातील एका अमेरिकी सहकाऱ्याशी गाण्यांवर बोलणे निघाले, तेव्हा त्याने हीच यादी पुढे केली. तो मनापासून गाणे ऐकणारा आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही. इंग्रजीत न गाणाऱ्या गायिकेला पहिल्या शंभरांत जागा मिळणे हीच मोठी दाद आहे, असे त्याचे मत आहे. ही यादी उत्तम गळ्यांची नसून उत्तम गायकांची आहे, हे त्या मासिकानेच स्पष्ट केलेले आहे, आणि खरखरीत आवाजाच्या बॉब डिलनला १५वा क्रमांक मिळाला यावरून परीक्षकांनी आवाजाच्या गोडव्यापलीकडे पाहिले हे उघड आहे, असाही त्याचा मुद्दा आहे. लताबाईंच्या गळ्याविषयी बोलू लागावे, तर तो म्हणतो की गळा हा निकषच नाही.

क्रमांक वर असावा की खाली, हा वाद मला घालायचा नाही. अशी क्रमवारी लावताना नेमके काय मोजले जाते आणि त्या मापात पार्श्वगायन बसते का, हे मला समजून घ्यायचे आहे. त्याला ऐकवण्यासारखी काही गाणीही सुचवावीत. तो ती लक्षपूर्वक ऐकेल, याची मला खात्री आहे.

मुक्ता_डोंबिवली

या यादीचा विचार करताना याच मासिकाची २००८ची यादी शेजारी ठेवली पाहिजे. ती शंभर गायकांची होती आणि गायक, निर्माते, संपादक अशा मंडळींच्या मतदानातून तयार झाली होती. २०२३ची यादी मासिकाचे संपादकीय कर्मचारी आणि नियमित लेखक यांनी तयार केली. अरीथा फ्रँकलिन दोन्ही वेळा पहिली आहे, पण बाकी चित्र पार बदललेले आहे. एल्व्हिस प्रेस्ली तिसऱ्या क्रमांकावरून १७व्यावर गेला, व्हिटनी ह्यूस्टन ३४व्यावरून दुसऱ्यावर आली आणि मरायाह कॅरी ७९व्यावरून थेट पाचव्यावर. एल्व्हिस १९७७ साली वारला, म्हणजे या दोन याद्यांच्या दरम्यान त्याच्या गाण्यात काडीचाही फरक पडलेला नाही. फरक पडला तो ऐकणाऱ्यांत. २००८च्या मतदारांना रॉक संगीताच्या आरंभीचा काळ हा मापदंड वाटत होता. पंधरा वर्षांनंतरच्या परीक्षकांवर सोल, गॉस्पेल आणि आर अँड बी या कृष्णवर्णीय गायनपरंपरांचा प्रभाव अधिक आहे, आणि माझ्या मते तो बदल योग्य दिशेने झालेला आहे.

लताबाई २००८च्या यादीत मुळीच नव्हत्या. त्या ८४व्या आल्या याचा अर्थ परीक्षकांनी त्यांना ८३ जणांशी ताडून पाहिले असा घेण्याचे कारण नाही. यादी इंग्रजीबाहेर नेण्याचा निर्णय आधी झाला असावा आणि मग प्रत्येक मोठ्या परंपरेतून एक-दोन नावे घेतली गेली असावीत, असे माझे अनुमान आहे. संपूर्ण भारतीय उपखंडातून दोनच नावे आहेत, आशा भोसले नाहीत, मोहम्मद रफी नाहीत, एस. पी. बालसुब्रह्मण्यम नाहीत, यावरून तरी तसेच दिसते. नावे अशी प्रतिनिधी म्हणून घेतली जातात, तेव्हा त्यांच्यापुढच्या आकड्याला पहिल्या दहा क्रमांकांइतका अर्थ उरत नाही. सेलीन डिऑनचे नाव नाही म्हणून त्याच जानेवारीत तिच्या चाहत्यांनी न्यूयॉर्कमधल्या कार्यालयासमोर निदर्शने केली होती, म्हणजे इंग्रजीत गाणाऱ्यांच्या चाहत्यांचेही या यादीने समाधान केलेले नाही.

जुनी_तबकडी

मूळ प्रश्न पार्श्वगायन त्या मापात बसते का हा आहे, आणि माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. कारण थोडे सविस्तर मांडतो.

अमेरिकी लोकप्रिय संगीतात गायक स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने श्रोत्यांसमोर उभा राहतो. गाणे दुसऱ्याने लिहिलेले असले तरी ते त्याच्या आयुष्याचे निवेदन म्हणून ऐकले जाते, आणि त्याचे मोठेपण तो त्या निवेदनाला किती स्वतःचे करतो यावर ठरते. आपल्या चित्रपटसंगीतात गायिकेचे काम याच्या जवळजवळ उलट आहे. तिने पडद्यावरच्या दुसऱ्या स्त्रीच्या तोंडी शोभेल असे गायचे असते, प्रसंग दिग्दर्शकाचा असतो, चाल संगीतकाराची असते आणि गाणे संपल्यावर प्रेक्षकाला आठवावी ती नायिका.

'महल' (१९४९) या चित्रपटातील खेमचंद प्रकाश यांच्या 'आएगा आनेवाला' या गाण्याचे उदाहरण घ्या. त्याची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून 'कामिनी' हे नाव छापलेले होते. कामिनी ही मधुबालाने रंगवलेली व्यक्तिरेखा. गाणे देशभर गाजले, श्रोते गाणारी कोण अशी विचारणा करू लागले आणि मग कुठे लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. ज्या व्यवसायात गायिकेचे नाव तबकडीवर छापण्याचीही आवश्यकता वाटत नव्हती, तिथे आपली स्वतंत्र प्रतिमा उभी करणे हा गायनाचा निकष होऊच शकत नव्हता.

याच गाण्याची सुरुवात पुन्हा नीट ऐका. 'खामोश है ज़माना' ही ओळ तालाशिवाय येते आणि आवाज दुरून कुठून तरी, ओसाड हवेलीच्या आतल्या भागातून आल्यासारखा वाटतो. तेव्हा असा परिणाम साधणारी यंत्रे स्टुडिओत नव्हती. लताबाईंना मायक्रोफोनपासून लांब उभे करून गात गात जवळ यायला सांगितले होते, आणि मुखड्याच्या क्षणी त्या नेमक्या मायक्रोफोनपाशी पोहोचणे आवश्यक होते. तेव्हा त्या जेमतेम विशीच्या होत्या. चालत असताना श्वास फुटू द्यायचा नाही, सूर तसूभर हलू द्यायचा नाही, आवाज वाढतोय तो केवळ अंतर कमी झाल्यामुळे वाढावा, गळ्याचा जोर लावल्यामुळे नव्हे, आणि हे सगळे वाद्यवृंद सोबत वाजत असताना एकाच सलग ध्वनिमुद्रणात पार पाडायचे. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. हे कौशल्य मोजायला त्या यादीत रकानाच नाही, कारण त्या परंपरेतल्या गायकांवर अशा कामाची वेळ क्वचितच आली.

दुसरी गोष्ट वेळेची. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास संगीत मावत असे. त्या चौकटीत मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यसंगीत बसवायचे, म्हणजे गायिकेला हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी सजावट, घ्यायला मिळते ती अर्ध्या सेकंदाची. उम्म कुलसूम ६१व्या आहेत आणि त्यांचा मी निस्सीम चाहता आहे. कैरो नभोवाणीवरून प्रक्षेपित होणाऱ्या त्यांच्या गुरुवारच्या मैफलींत एकेक गाणे तासभर चाले आणि श्रोत्यांनी दाद दिली की तीच ओळ त्या निरनिराळ्या तऱ्हांनी पुन्हा पुन्हा गात. तासभराचा विस्तार आणि अर्ध्या सेकंदाची मुरकी यांत उजवे-डावे कसे ठरवणार? दोन्हीकडे साधना तितकीच कठोर आहे, पण ती वेगवेगळ्या कामांसाठी केलेली आहे.

हडसनतीर

मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो आणि जुनी_तबकडी यांच्या विवेचनाशी बहुतांशी सहमत आहे. मात्र या चर्चेतून पहिला क्रमांक मिळालेल्या गायिकेविषयी उदासीनता निर्माण होऊ नये, म्हणून लिहीत आहे. लताबाईंची बाजू मांडायची असेल तर अरीथा फ्रँकलिन आधी मन लावून ऐकली पाहिजे.

'रिस्पेक्ट' हे गाणे मुळात ओटिस रेडिंगचे, त्याने ते १९६५ साली लिहिले आणि गायले. त्याच्या गाण्यात दमून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. १९६७च्या फेब्रुवारीत अरीथाने न्यूयॉर्कच्या ॲटलांटिक स्टुडिओत तेच गाणे मुद्रित केले. शब्द थोडेच बदलले, पण मान मागणारी आता स्त्री होती आणि तिच्या सुरात विनवणी उरलेली नव्हती. ज्या ठिकाणी वाद्ये थांबतात आणि ती त्या शब्दाची अक्षरे एकेक करून उच्चारते, तो भाग रेडिंगच्या गाण्यात नाहीच. तो तिने घातला. मागे तिच्या बहिणी साथ करत आहेत, पियानोवर ती स्वतः आहे. डेट्रॉइटमधल्या वडिलांच्या चर्चमध्ये लहानपणापासून गायल्यामुळे एका आवाजाने पुकारायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे ही रीत तिच्या अंगात मुरलेली होती, आणि या गाण्यात ती जशीच्या तशी उतरली आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी हे गाणे आपले मानले, ते त्यातल्या या अधिकारवाणीमुळे.

तेव्हा त्या मासिकाचा निकष उथळ आहे असे मला म्हणवत नाही. दुसऱ्याचे गाणे घेऊन त्याचा अर्थच बदलून टाकणे ही गायनातली मोठी सिद्धी आहे, आणि तो निकष लावला तर अरीथाच्या पुढे कोणाला ठेवावे हे मला सुचत नाही. प्रश्न निर्माण होतो तो या एकाच निकषावर जगभरच्या गायकांना एका रांगेत उभे केल्यामुळे.

ब्रिटिश रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी १४वा आहे, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. पारशी कुटुंबातला हा मुलगा पाचगणीच्या शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँड तिथेच जमला. त्याची जागा वादातीत आहे, पण ती त्याला इंग्रजीत गाणारा, स्वतः गाणी लिहिणारा आणि रंगमंच गाजवणारा कलावंत म्हणून मिळाली. म्हणजे आपल्याकडच्या मातीतला माणूसही त्या चौकटीत गायला, की सहज वर जातो.

भावगीतप्रेमी

डिलनविषयीच्या मुद्द्याला आपल्याच परंपरेतून उत्तर देता येईल, असे मला वाटते. गळ्याहून गायन मोठे असते हे मराठी श्रोत्याला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. 'गीतरामायण' १९५५-५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्याला प्रसारित झाले, तेव्हा त्यातली गाणी पात्रांनुसार वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. सीतेची गाणी माणिक वर्मांकडे होती, कौसल्येचे गाणे ललिताबाई फडक्यांनी गायले होते. पुढे सुधीर फडके यांनी सगळी ५६ गाणी एकट्याने मैफलींतून गायला सुरुवात केली आणि लोकांच्या मनात 'गीतरामायण' म्हणजे बाबूजींचा आवाज हे समीकरण पक्के झाले. माणिकबाईंचा गळा निःसंशय अधिक फिरता होता, तरीही सीतेचे दुःख एका पुरुषाच्या आवाजात ऐकताना श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येत असे. शब्द कुठे सोडायचा, कोणत्या अक्षरावर थांबायचे आणि कवीच्या ओळीच्या आड स्वतः किती कमी यायचे, याची जाण बाबूजींना होती.

त्यामुळे डिलनला दाद देणारे परीक्षक चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु शब्दोच्चार आणि अर्थाची जाण हे निकष मानले, तर ते ज्या भाषेत ऐकू येतात ती भाषा परीक्षकाला यावी लागते. डिलनची ओळ कुठे मुद्दाम घसरते हे इंग्रजी येणाऱ्यालाच कळते. तसेच 'मोगरा फुलला' मध्ये ज्ञानेश्वरांच्या शब्दांना लताबाईंनी किती हळुवार हात लावला आहे, हे मराठी न येणाऱ्याला कळणे अवघड आहे. परभाषिक गायकाचा विचार करताना या परीक्षकांच्या हाती शेवटी गळाच उरतो, आणि तो तर निकष नाही असे त्यांनीच जाहीर केलेले आहे. आपल्या सहकाऱ्यापुढे हा पेच ठेवून पाहावा.

वसईकर_७१

माझ्या मते लताबाई पहिल्या पाचांत असायला हव्या होत्या. गिनीज बुकात २५,००० गाण्यांचा विक्रम त्यांच्या नावावर होता. संख्या, काळ आणि दर्जा या तिन्हींचा मेळ इतर कोणात दिसतो?

मुक्ता_डोंबिवली

वसईकर, काळ आणि दर्जा यांविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. 'महल' १९४९चा आणि 'वीर-ज़ारा' २००४चा, आणि दोन्हींत नायिकेचा आवाज त्यांचाच. मात्र संख्येचा आधार घेऊ नये, अशी विनंती करते. गिनीजने १९७४च्या आवृत्तीत तो आकडा दिला, रफीसाहेबांनी त्याला हरकत घेतली, पुढच्या एका आवृत्तीत दोघांचेही दावे छापले गेले आणि १९९१ साली ती नोंदच वगळण्यात आली. २०११ साली आशाबाईंच्या नावाची नोंद झाली, २०१६ साली पी. सुशीला यांची १७,६९५ गाण्यांची. लताबाईंच्या हिंदी चित्रपटगीतांची तपशीलवार सूची करणाऱ्यांची मोजणी पाच-सहा हजारांच्या आसपास थांबते. हा आकडा कुणालाही थक्क करणारा आहे, त्याला फुगवण्याची गरज नाही, आणि परक्या माणसाशी बोलताना न टिकणारा दावा पुढे केला तर टिकणाऱ्या दाव्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

शिवाय पुरस्कारांच्या मोजणीतही असाच गोंधळ आहे. फिल्मफेअरमध्ये गायनाला पुरस्कारच नव्हता. 'चोरी चोरी'च्या संगीताला पुरस्कार मिळाला, तेव्हा गायकाला आणि गीतकाराला जागा नसेल तर त्या समारंभात मी 'रसिक बलमा' गाणार नाही, अशी भूमिका लताबाईंनी घेतली. १९५९ पासून गायनाचा पुरस्कार सुरू झाला, तोही १९६७ पर्यंत स्त्री आणि पुरुष मिळून एकच. पुढे १९७० च्या सुमारास, नव्या गायिकांना संधी मिळावी म्हणून आपला विचार करू नये असे त्यांनीच कळवले, आणि १९७९ साली आशाबाईंनीही तसेच केले. या माघारींनंतरच्या पुरस्कारांवरून कोणाचीही क्रमवारी लावता येत नाही.

ठाणे_श्रोता

क्रमवारीपेक्षा नेमणूक हा शब्द मला आपल्या चित्रपटसंगीताला अधिक लागू वाटतो. 'रागिनी' (१९५८) मध्ये किशोरकुमार स्वतः पडद्यावर असताना ओ. पी. नय्यर यांनी 'मन मोरा बावरा' रफीसाहेबांकडून गाऊन घेतले, कारण त्या रागदारी चालीला तो गळा हवा होता. याच नय्यर यांनी लताबाईंकडून एकही गाणे घेतले नाही आणि आपल्या संगीताचे सारे वैभव आशाबाई, गीता दत्त आणि शमशाद बेगम यांच्यावर उभे केले. यातून लताबाई कमी ठरत नाहीत. नय्यर यांच्या चालींना थोडा मांसल, खट्याळ आवाज हवा होता, इतकेच.

अंतरा_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाषेविषयीचा भावगीतप्रेमी यांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, आणि हडसनतीर यांच्या सूचनेप्रमाणे 'रिस्पेक्ट'ची दोन्ही ध्वनिमुद्रणे मी लागोपाठ ऐकली. वाद्ये थांबतात ती जागा सांगितल्यामुळे कळली, एरवी मी ती केवळ घोषणा समजून सोडून दिली असती. आता माझ्या सहकाऱ्यासाठी गाणी सुचवावीत. शक्यतो थोडीच असावीत, आणि प्रत्येकात काय ऐकायचे तेही लिहावे.

जुनी_तबकडी

पहिले 'आएगा आनेवाला', वर लिहिलेल्या कारणासाठी. चित्रपटातला प्रसंग आधी सांगावा, कारण रिकाम्या हवेलीत कोणीतरी गात आहे हे माहीत नसेल तर त्या सुरुवातीचे प्रयोजन कळत नाही.

दुसरे 'लग जा गले' ('वह कौन थी', १९६४, संगीत मदन मोहन). मुखड्याच्या पहिल्या शब्दांवर आवाज किती कमी ठेवला आहे आणि वरच्या सुरांत जाताना तो पातळ होतो, पण धारदार होत नाही, याकडे त्याचे लक्ष वेधावे. पाश्चात्त्य लोकप्रिय गायनात भावना वाढली की आवाजही वाढवण्याकडे कल असतो. इथे भावना वाढते आणि आवाज तिथेच राहतो, आणि हाच फरक त्याच्या कानाला सर्वांत नवा वाटेल असे मला वाटते.

तिसरे गाणे आशाबाईंचे असावे, कारण यादीत त्यांचे नाव नाही. 'उमराव जान'मध्ये खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावले, आणि 'दिल चीज़ क्या है' मध्ये जो भरीव, संथ आवाज ऐकू येतो तो त्यामुळे आला. त्याच्या शेजारी 'मेरा कुछ सामान' ('इजाज़त', १९८७) ठेवावे. मुक्तछंदातला मजकूर, ओळी लहान-मोठ्या, यमक नाही, आणि तरीही आशाबाई तो बोलल्यासारखा गातात. डिलन आवडणाऱ्या माणसाला हे गाणे आवडेलच.

शेवटी 'रसिक बलमा'. शंकर-जयकिशनच्या या चालीत लांब आळवणी आहे आणि तिच्यात सूर एकदाही सैल पडत नाही. हे मात्र त्याला आधी अर्थ न सांगता ऐकवा, मग शब्द समजावून सांगा आणि पुन्हा ऐकवा. दुसऱ्यांदा ऐकताना त्याला पहिल्यापेक्षा काय वेगळे ऐकू आले, ते त्यालाच विचारा आणि जमल्यास इथे कळवा.